आयटीआयचे प्रमाणपत्र आणि कारखान्याचे दार: प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण कामगार कसा घडवते?

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेला तरुण आणि कारखान्यात पाच वर्षे काढलेला फिटर यांच्यात अंतर नेमके कशाचे असते? कानस कशी धरावी, व्हर्नियर कसा वाचावा, नकाशावरून मापे कशी घ्यावीत, हे दोघांनाही ठाऊक असते. तरीही रात्रपाळीत एखादा पंप अचानक गरम होऊ लागला, तर फोरमन पहिल्याला हाक मारत नाही, दुसऱ्याला मारतो. पहिला कमी हुशार असतो, असे मुळीच नाही. चालू यंत्रासमोर, मर्यादित वेळेत, इतरांच्या जिवाची आणि उत्पादनाची जबाबदारी खांद्यावर घेऊन निर्णय करण्याची संधीच त्याला अद्याप मिळालेली नसते. ही संधी देण्यासाठीच व्यावसायिक शिक्षणात औद्योगिक आस्थापनेतील प्रशिक्षणाची योजना असते. ती नीट राबवली गेली तर प्रमाणपत्राला अर्थ येतो. ती कागदावरच राहिली तर दोन वर्षांचे शिक्षण अर्धवट राहते.

बेज्जूरसारख्या मंडलात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. प्राणहितेच्या अलीकडील जंगलपट्ट्यातले हे मंडल २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. आता ते कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. नदीपलीकडे गडचिरोली. शेती, जंगल आणि मजुरी यांवर येथील संसार चालतात. जवळचा मोठा कारखाना म्हणजे कागजनगरची सिरपूर पेपर मिल; त्यापलीकडे दक्षिणेला बेल्लमपल्ली–मंचेरियालचा सिंगरेणी कोळसापट्टा. येथील कुटुंब मुलाला आयटीआयला पाठवते, तेव्हा घरातले कमावते हात दोन वर्षांसाठी कमी होतात. त्या बदल्यात मुलगा कामाला लायक होऊन परतावा, एवढीच अपेक्षा असते. ती पुरी होण्यात कारखान्यातील प्रशिक्षणाचा वाटा किती आणि कसा, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

कार्यशाळेची मर्यादा

आयटीआयच्या कार्यशाळेचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. हाताला वळण तेथेच लागते. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली आणि तिचा आजचा आराखडाही प्रात्यक्षिकप्रधान आहे. २०२२ मध्ये सुधारलेल्या अभ्यासक्रमानुसार पहिल्या वर्षाच्या १,२०० तासांपैकी ८४० तास प्रात्यक्षिकाचे, २४० तास व्यवसाय सिद्धांताचे आणि १२० तास रोजगारक्षम कौशल्यांचे आहेत. मात्र कार्यशाळेतील प्रात्यक्षिक हा मुळात ‘उत्तर ठाऊक असलेला’ प्रश्न असतो. निदेशक नकाशा देतात, विद्यार्थी लोखंडाच्या तुकड्यातून तो आकार घडवतो, माप तपासले जाते, गुण मिळतात. चूक झाली तर एक तुकडा वाया जातो आणि दुसरा मिळतो.

पेपर मिलमधील स्थिती पाहू. लगद्याचे पाणीदार मिश्रण, ज्यात बहुतांश भाग पाण्याचाच असतो, सरकत्या जाळीवर पसरते. पाणी गळून ओला पापुद्रा तयार होतो. तो दाबरुळांतून पिळला जातो, वाफेने तापलेल्या सिलिंडरांवरून वाळत पुढे सरकतो आणि शेवटी अजस्र रिळावर गुंडाळला जातो. हा सारा प्रवास अखंड असतो. मध्ये कोठेही कागद तुटला, तर पुन्हा ओवून घेईपर्यंत त्या यंत्राचे उत्पादन शून्य. अशा वेळी एखाद्या रुळाचे बेअरिंग घरघर करू लागले, तर ते आताच बदलायचे की ठरलेल्या बंदच्या दिवसापर्यंत चालवायचे? वंगण कमी पडले आहे, की जोडणी तिरपी झाली आहे? या प्रश्नांचे उत्तर कोणत्याही नकाशावर छापलेले नसते. ते यंत्राच्या आवाजात, तापमानात, कंपनात आणि मागील पाळीच्या नोंदवहीत विखुरलेले असते. ते एकत्र वाचता येणे म्हणजे दोषशोधन, आणि ते चालू यंत्राच्या सहवासातच अंगी मुरते.

कामगिरी म्हणजे केवळ कौशल्य नव्हे, हे येथे ध्यानात येते. कौशल्याला चार गोष्टींची जोड लागते. पहिली, वेळेचे भान: तेच काम तितक्याच अचूकतेने, पण पाळी संपण्याआधी. दुसरी, सुरक्षिततेची सवय: यंत्राचा वीजपुरवठा तोडून कुलूप लावल्याशिवाय आणि कामाचा परवाना हाती आल्याशिवाय हात न घालणे, मग कितीही घाई असो. तिसरी, सांगण्याची शिस्त: पुढच्या पाळीला काय झाले, काय राहिले हे नेमक्या शब्दांत कळवणे. चौथी, आणि बहुधा सर्वांत अवघड, म्हणजे आपल्याला काय येत नाही हे ओळखून थांबण्याचे आणि विचारण्याचे धैर्य. कार्यशाळेत न विचारल्याने गुण जातात. कारखान्यात बोट जाऊ शकते.

शिकण्याचा क्रम उलटा का असतो?

कामाच्या ठिकाणी माणूस कसा शिकतो, याचा अभ्यास करणाऱ्यांत मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांचे नाव अग्रभागी आहे. पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात त्यांनी शिंप्यांच्या शिकाऊ मुलांचे निरीक्षण केले. तेथे शिक्षणाचा क्रम कपडा शिवण्याच्या क्रमाच्या उलट होता. नवागताच्या हाती आधी कात्री दिली जात नसे. तो इस्त्री करी, बटणे लावी, हातशिलाईने कडा दुमडी. मग यंत्रावर शिवू लागे. कापड बेतणे आणि कापणे सर्वांत शेवटी येई. कारण साधे आहे. बटण चुकीचे लागले तर उसवता येते, कापड चुकीचे कापले गेले तर ते वायाच गेले. शिवाय तयार कपडा रोज हाताखालून गेल्यामुळे त्याचे भाग कसे जुळतात, हे मुलाला कापड कापण्याआधीच उमगलेले असे.

लेव्ह यांनी एटिएन वेंगर यांच्यासह १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या निरीक्षणातून एक व्यापक तत्त्व मांडले: नवागत कामाच्या कडेला उभा राहून सुरुवात करतो, पण ते काम खरे असते, आणि क्रमाक्रमाने तो कडेकडून केंद्राकडे सरकतो. आपल्याकडच्या सुतार–लोहारांच्या घरांत हे तत्त्व कोणी न लिहिताही चालत आले आहे. पोर आधी भाता चालवते, मग सांडशी धरते, घण मारते आणि शेवटी ऐरणीवर लोखंडाला आकार देते.

आधुनिक कारखान्यातील प्रशिक्षणाचे नियोजनही याच कसोटीवर पाहता येते. पहिल्या आठवड्यांत शिकाऊ फिटरने वंगण देणाऱ्या पथकासोबत फिरावे. हे काम वरवर किरकोळ वाटते. पण त्यातून संपूर्ण यंत्राचा नकाशा डोक्यात बसतो आणि निरोगी यंत्राचा आवाज कानात भरतो. त्यानंतर पंपांच्या गळती, पट्टे, जोडण्या यांची देखभाल. मग वार्षिक बंदच्या काळात यंत्र उघडणे आणि जुळवणे. आणि शेवटी कसबी कामगाराच्या देखरेखीखाली स्वतः दोष शोधून दुरुस्ती सुचवणे. प्रत्येक पायरीवर चुकीची किंमत थोडी वाढते आणि तिच्याबरोबर विश्वासही.

कसबी माणूस नजरेच्या टप्प्यात हवा

मात्र कारखान्यात नुसते हजर राहिल्याने कोणी शिकतो, हा भ्रम आहे. लेव्ह आणि वेंगर यांच्याच ग्रंथात अमेरिकेतील मांसविक्री दुकानांतील शिकाऊ उमेदवारांचे उदाहरण येते. तेथे काही ठिकाणी शिकाऊंना मांस आवेष्टनात गुंडाळण्याच्या यंत्रावर बसवले जाई आणि ते यंत्र अशा जागी असे की मांस कापणारे अनुभवी कारागीर तेथून दिसतच नसत. शिकाऊ आपल्या कामात तरबेज झाले. पण ज्या कसबासाठी ते आले होते, ते त्यांच्या हाती आले नाही. मालकाला मात्र कमी पैशात गुंडाळणारे हात मिळाले.

हे उदाहरण परदेशी असले, तरी त्यातील धोका आपल्याकडच्या आयटीआय विद्यार्थ्यांना परका नाही. इलेक्ट्रिशियनच्या प्रशिक्षणार्थ्याला वर्षभर साठागारात मालाची मोजदाद करायला लावणे, वेल्डरला फक्त सळ्या उचलायला ठेवणे, फिटरला एकाच पॅकिंग यंत्रावर बसवणे, असे घडते तेव्हा हजेरीपटावर प्रशिक्षण पूर्ण होते, प्रमाणपत्रही मिळते. परंतु पुढच्या मुलाखतीत पहिल्याच प्रात्यक्षिक प्रश्नाला तरुण अडखळतो. म्हणून चांगल्या प्रशिक्षणाची पहिली खूण कंपनीच्या नावात किंवा इमारतीच्या भव्यतेत शोधू नये. शिकाऊ रोज कोणाच्या शेजारी उभा राहतो, यात ती शोधावी.

जर्मनीची दुहेरी व्यवस्था जगभर नावाजली जाते, ती याच मुद्द्यावर दक्ष आहे. १९६९ च्या व्यवसाय प्रशिक्षण कायद्याने तिला आजचे रूप दिले. तेथील शिकाऊ आठवड्यातील तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यावसायिक शाळेत घालवतो. अंतिम परीक्षा शाळा किंवा मालक घेत नाही, तर उद्योग–व्यापार मंडळे घेतात. आणि ज्याला कारखान्यात शिकवायचे आहे, त्याला शिकवण्याची पात्रताही सिद्ध करावी लागते. उत्तम कामगार हा आपोआप उत्तम शिक्षक असतोच असे नाही, हे तेथे गृहीत धरलेले आहे.

कायद्याने दिलेली चौकट

भारतात या व्यवस्थेचा कणा म्हणजे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा. २०१४ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि २०१९ मध्ये नियम बदलले. कंत्राटी कर्मचाऱ्यांसह ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ कामगार असलेल्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. घ्यायच्या उमेदवारांचे प्रमाण एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के असे ठरवलेले आहे.

या कायद्यातील काही तरतुदी प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने पाठ करून ठेवाव्यात अशा आहेत. शिकाऊ उमेदवार हा कायद्याच्या दृष्टीने कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे. म्हणून त्याला कामगाराचे वेतन मिळत नाही. पण म्हणूनच त्याच्याकडून केवळ कामगाराचे काम करून घेणेही या कायद्याच्या हेतूशी विसंगत ठरते. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मान्यतेशिवाय त्याला जादा वेळ काम करायला लावता येत नाही, आणि ती मान्यताही प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हितासाठीच देता येते. कारखान्यातील आरोग्य व सुरक्षिततेच्या तरतुदी त्याला लागू होतात. प्रशिक्षणादरम्यान दुखापत झाल्यास नुकसानभरपाईचा हक्क त्याला आहे. प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याची सक्ती मालकावर नाही. मात्र २०१४ च्या दुरुस्तीनंतर अशा उमेदवारांना नोकरीत घेण्याबाबत स्वतःचे धोरण ठरवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. ते धोरण काय आहे, हे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

विद्यावेतनाची किमान मर्यादा २०१९ च्या नियमांनी शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये अशी ठरवली. आयटीआय प्रमाणपत्रधारकासाठी ती ७,००० रुपये होती आणि पुढच्या वर्षांसाठी त्यात वाढीची तरतूद आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ही मर्यादा ६,८०० ते १२,३०० रुपयांपर्यंत नेण्याची शिफारस केली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल १,५०० रुपये, वाटा उचलते आणि ऑगस्ट २०२३ पासून तो थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत सुरू झाली आहे.

आयटीआयचे शिक्षण सुरू असतानाच कारखान्यात जाण्याचा मार्गही उपलब्ध आहे. ‘दुहेरी प्रशिक्षण पद्धती’ या नावाच्या योजनेत एक वर्षाच्या अभ्यासक्रमात ३ ते ६ महिने आणि दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात ६ ते १२ महिने प्रशिक्षण उद्योगात होते. त्यासाठी संस्थेने उद्योगाशी करार करावा लागतो. म्हणजेच ज्या संस्थेचे प्राचार्य आणि निदेशक कारखान्यांच्या दारांत जातात, त्या संस्थेच्या विद्यार्थ्यांनाच हा लाभ मिळतो.

१५० तास आणि दूरच्या गावाचा प्रश्न

२०२२ च्या अभ्यासक्रमात दरवर्षी १५० तासांचे प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण जवळच्या उद्योगात घेण्याची तरतूद झाली. जेथे असा उद्योग उपलब्ध नाही, तेथे त्याऐवजी गट-प्रकल्प करता येतो. ही मुभा व्यवहार्य आहे, परंतु तिच्यात एक विषमता दडलेली आहे. हैदराबादच्या औद्योगिक वसाहतीशेजारचा विद्यार्थी १५० तास चालू यंत्रांसमोर काढतो आणि जंगलपट्ट्यातला विद्यार्थी त्याच तासांत वर्गात लाकडी प्रतिकृती करतो. दोघांचे प्रमाणपत्र एकच असते. कारखान्याच्या दाराशी मात्र फरक कळतो.

बेज्जूरच्या तरुणापुढे दोनच वाटा उरतात. एक, कागजनगर, मंचेरियाल किंवा बल्लारपूर–चंद्रपूरला खोली घेऊन राहायचे. किंवा दोन, जवळच्या लहान गॅरेजात, पिठाच्या गिरणीत, जिनिंगमध्ये किंवा मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात शिकायचे. पहिल्या वाटेवर विद्यावेतनातून खोलीभाडे, खाणावळ आणि प्रवास वजा जाता घरी पाठवायला फारसे उरत नाही. ज्या घरात शेतमजुरीचे दिवस मोजून खर्च चालतो, तेथे मुलगा वर्षभर शिकतोच आहे, हे सोसणे कठीण जाते. अनेकदा प्रशिक्षण अर्ध्यावर सुटते, त्याचे कारण मुलाच्या आळसात शोधण्याआधी या हिशेबात शोधले पाहिजे. वसतिगृहातील जागा किंवा बसचा पास यांसारखी साधी मदत येथे नव्या यंत्रसामग्रीपेक्षाही मोलाची ठरू शकते.

दुसरी वाट कमी प्रतिष्ठेची मानली जाते, पण ती तुच्छ नाही. लहान दुकानात शिकाऊ कसबी माणसाच्या अगदी शेजारी असतो. दिवसाला दहा वेगवेगळे बिघाड येतात, गिऱ्हाईक समोर उभे असते, त्याला खर्च आणि वेळ सांगावा लागतो. दोषशोधन शिकण्यास ही जागा उत्तम. उणीव असते ती सुरक्षिततेच्या शिस्तीची, मापनाच्या अचूकतेची आणि लेखी नोंदींची. या तिन्ही गोष्टी संस्थेला भरून काढता येतात. निदेशकाने महिन्यातून एकदा त्या दुकानात जाऊन शिकाऊची नोंदवही तपासली, हातमोजे–गॉगल वापरात आहेत की नाहीत हे पाहिले, आणि त्या बिघाडांवर पुढच्या तासाला वर्गात चर्चा घडवली, तर रिवाइंडिंगचे दुकानही चांगली शाळा होऊ शकते.

तेलंगण सरकारने २०२४ मध्ये टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहकार्याने राज्यातील ६५ आयटीआयचे प्रगत तंत्रज्ञान केंद्रांत रूपांतर करण्याची २,३२४ कोटी रुपयांची योजना हाती घेतली. संगणकनियंत्रित यंत्रे आणि नवे अभ्यासक्रम ही स्वागतार्ह भर आहे. परंतु नव्या यंत्रावरही सरावाचा प्रश्न आणि चालू उत्पादनाचा प्रश्न हे वेगळेच राहतात. उत्तम कार्यशाळा कारखान्याची पूर्वतयारी उत्तम करते. कारखान्याची जागा ती घेऊ शकत नाही.

कारखाना बंद पडतो तेव्हा

सिरपूर पेपर मिलचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. हैदराबाद संस्थानाच्या काळात, १९३८ मध्ये ही मिल स्थापन झाली आणि १९४२ मध्ये उत्पादन सुरू झाले. कागदाच्या या कारखान्यावरूनच कागजनगरला त्याचे नाव मिळाले. भोवतालच्या जंगलातील बांबू हा तिचा कच्चा माल होता. सप्टेंबर २०१४ मध्ये, नवे राज्य अस्तित्वात आल्यानंतर काही महिन्यांतच, मिल बंद पडली. पुढे दिवाळखोरी प्रक्रियेतून २०१८ मध्ये जेके पेपर कंपनीने ती घेतली आणि ती पुन्हा सुरू झाली.

जवळजवळ चार वर्षांच्या या बंदचा विचार आपण सहसा गेलेल्या नोकऱ्यांच्या आणि थकलेल्या देण्यांच्या भाषेत करतो, आणि ते योग्यच आहे. पण आणखी एक नुकसान होते, जे कोणत्याही ताळेबंदात येत नाही. मोठा कारखाना हा त्या परिसराची मोठी शाळाही असतो. चार वर्षे यंत्र थांबते, तेव्हा शिकाऊंच्या चार तुकड्यांना शिकण्याची जागा राहत नाही. आवाजावरून बेअरिंगची अवस्था ओळखणारे जुने फिटर कामासाठी अन्यत्र जातात किंवा निवृत्त होतात. यंत्र पुन्हा सुरू करता येते. पण जे ज्ञान एका पिढीने दुसरीच्या हाती शेजारी उभे राहून द्यायचे असते, त्याची साखळी तुटली की ती जोडण्यास वर्षे लागतात. म्हणून शिकाऊ उमेदवारी ही उद्योगाने केलेली मेहेरबानी समजू नये. उद्योगाच्या स्वतःच्या टिकावासाठीही ती आवश्यक आहे.

सिंगरेणीचे उदाहरण दुसऱ्या बाजूने पाहता येते. राज्य आणि केंद्र सरकारची मिळून मालकी असलेली ही कंपनी आयटीआय उत्तीर्णांना फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, टर्नर अशा व्यवसायांत शिकाऊ म्हणून घेत आली आहे. खाणकामाचे क्षेत्र असल्याने तेथे आणखी एक शिस्त आहे: १९६६ च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनुसार ठरवून दिलेले प्रशिक्षण घेतल्याशिवाय कोणालाही खाणीत कामाला लावता येत नाही. जेथे चूक जिवावर बेतते, तेथे ‘आधी प्रशिक्षण, मग काम’ हे तत्त्व कायद्याने पक्के झाले. इतर उद्योगांनीही ते स्वेच्छेने स्वीकारण्यास हरकत नसावी.

भाषेचा उंबरठा

सीमाभागातील प्रशिक्षणार्थ्याला आणखी एक उंबरठा ओलांडावा लागतो. घरात मराठी किंवा गोंडी, बाजारात तेलुगू, पर्यवेक्षकाच्या तोंडी तेलुगू–हिंदी आणि यंत्रावरील पाटी इंग्रजीत. ‘कळले का?’ या प्रश्नाला नवखा मुलगा भिडेपोटी मान हलवतो आणि तीच धोक्याची घडी असते. चांगला पर्यवेक्षक ‘कळले का’ असे विचारत नाही. ‘आता तू काय करणार ते मला सांग’ असे विचारतो. उत्तर मोडक्या तेलुगूत आले तरी चालेल, पण ते क्रमाने आले पाहिजे. संस्थांनीही प्रशिक्षणापूर्वी शे-दीडशे कामाचे शब्द तीन भाषांत शिकवले, तर शिकाऊचे पहिले दोन महिने वाचतील. येथील तरुण लहानपणापासून भाषा बदलत वावरतो. थोड्या तयारीने हाच त्याचा कमकुवत मानला गेलेला भाग त्याचे बळ ठरू शकतो, कारण वेगवेगळ्या प्रांतांतील कामगारांच्या पथकात दुवा होणारा माणूस लागतोच.

करारावर सही करण्यापूर्वी

शिकाऊ उमेदवारीचा करार राष्ट्रीय पोर्टलवर नोंदवला जातो. सही करण्यापूर्वी प्रशिक्षणार्थ्याने आणि त्याच्या पालकांनी काही प्रश्न विचारावेत.

करार नोंदलेला आहे का आणि त्यात कोणता व्यवसाय लिहिला आहे? फिटरचा करार असताना ‘मदतनीस’ म्हणून घेतले जात नाही ना? कोणत्या विभागात किती आठवडे काम करायचे, याचे वेळापत्रक लेखी आहे का? शिकवण्याची जबाबदारी कोणत्या एका व्यक्तीवर सोपवलेली आहे? पहिल्या दिवशी सुरक्षिततेचे प्रशिक्षण आणि साधने मिळणार का? विद्यावेतन कोणत्या तारखेला आणि कोणत्या खात्यात जमा होईल? अपघात झाल्यास उपचार आणि भरपाई यांची व्यवस्था काय? प्रशिक्षणानंतर नोकरीबाबत आस्थापनेचे धोरण काय?

प्रशिक्षण सुरू झाल्यावर एक काम शिकाऊने स्वतः न चुकता करावे: रोजची नोंदवही. आज कोणते यंत्र पाहिले, बिघाड काय होता, कारण काय निघाले, काय समजले नाही, एवढ्या चार ओळी पुरेत. ‘समजले नाही’ ही ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण दुसऱ्या दिवशीचा प्रश्न तिच्यातूनच निघतो. वर्षअखेर ही वही प्रमाणपत्राइतकीच कामी येते. मुलाखतीत ‘काय येते?’ या प्रश्नाला ती पानापानांतून उत्तर देते.

संस्थेची जबाबदारी विद्यार्थ्याला कारखान्याच्या दारापर्यंत सोडून संपत नाही. तो परत आल्यावर त्याचा अनुभव वर्गात आला पाहिजे. कारखान्यात जे दिसले आणि कार्यशाळेत जे शिकवले जाते, त्यांतील तफावत निदेशकांना या नोंदींतूनच कळू शकते. उद्योगानेही वर्षाकाठी किती शिकाऊ घेतले, एवढ्यावर समाधान मानू नये. त्यांतील किती जण देखरेखीविना एखादे काम पूर्ण करू शकतात, हा खरा हिशेब आहे.

बेज्जूरच्या तरुणाकडे काटकपणा आहे, निरीक्षण आहे, हाताची तयारी आहे. जंगलात पाऊलवाट ओळखणाऱ्या नजरेला यंत्रातील बिघाडाची चाहूल ओळखणे शिकवता येते. त्यासाठी एक चालू यंत्र, त्याच्याजवळ उभा असलेला एक जाणता माणूस, प्रश्न विचारण्याची मुभा आणि महिनाअखेर खोलीचे भाडे भागेल एवढे विद्यावेतन, एवढ्या गोष्टी लागतात. त्या एकत्र आल्या की प्रमाणपत्रातला फिटर कामावरचा फिटर होतो, आणि रात्रपाळीत फोरमन त्याच्या नावाने हाक मारू लागतो.